जुनी मोटारसायकल घेताना

बैलबाजारात गेल्यावर आपण काय करतो? बैल देखणा आहे, शिंगे रंगवली आहेत, गळ्यात घुंगुरमाळ आहे, एवढ्यावर कोणी पैसे मोजत नाही. आपण दात पाहतो. खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मग भाव करतो, आणि शेवटी पावती करून घेतो.

मोटारसायकल घेताना मात्र हीच शहाणी माणसे भुलतात. गाडी धुऊन पुसून उभी केलेली असते. नवी सीट, नवा रंग, चकचकीत आरसे. विकणारा म्हणतो, "एका हाताची गाडी आहे, डोळे मिटून घ्या." आणि आपण खरोखरच डोळे मिटतो! सोयाबीनचे किंवा कापसाचे आलेले पैसे एका दुपारी देऊन टाकतो. पुढे सहा महिन्यांनी कळते की इंजिन खाल्लेले आहे, किंवा गाडी भलत्याच्याच नावावर आहे.

असे होऊ नये म्हणून हा पाठ. जुनी गाडी वाईट नसते. डोळे मिटून घेतलेली गाडी वाईट असते. आधी कागद वाचावे, मग गाडी वाचावी, आणि मगच पैसे द्यावे.

ही गाडी कोणती?

मोटारसायकली अनेक जातींच्या आहेत. त्यांपैकी एका जातीला 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात. आपण तिला दोन्ही वाटांची गाडी म्हणू. ती डांबरी रस्त्यावर चालते आणि शेताच्या, घाटाच्या कच्च्या वाटेवरही चालते.

तिची ठेवण पाहा. ती उंच असते, म्हणून दगड पोटाला लागत नाही. पुढचे चाक मोठे असते, म्हणून ते खड्ड्यात न अडकता वर चढते. चाकांना तारांचे आरे असतात. आरे धक्का सोसतात. ओतीव चाक जोराच्या धक्क्याने तडकू शकते. पुष्कळ गाड्यांना पुढचा चिखलपत्रा चाकापासून खूप वर असतो. काळ्या रानातला चिकट चिखल त्यात अडकून चाक जाम होत नाही.

आपल्याकडे हिरो कंपनीने २०११ साली 'इम्पल्स' नावाची अशी गाडी काढली. तिचे इंजिन १५० सीसीच्या वर्गातले होते. गाडी हवेवर थंड होणारी, कार्बोरेटरची, साधी. २०१७ च्या सुमारास ती बनविणे बंद झाले. पुढे २०१९ साली त्याच कंपनीने 'एक्सपल्स २००' ही गाडी काढली. रॉयल एन्फिल्डची ४११ सीसीची 'हिमालयन' २०१६ साली आली. ती दणकट, पण वजनाला जवळजवळ २०० किलो. चिखलात आडवी झाली तर एकट्याने उचलणे जड जाते.

या पाठात आपण जुनी इम्पल्स डोळ्यांपुढे ठेवू. पण इथले बरेचसे सांगणे कोणत्याही जुन्या मोटारसायकलीला लागू पडेल.

एक गोष्ट आधीच पाहा. गाडीवर बसा. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? या गाडीची बैठक जमिनीपासून सुमारे ३३ इंच उंच असते. बुटक्या माणसाला चढावर, चिखलात ती सांभाळणे कठीण जाते. पाय टेकत नसतील तर मोह सोडावा. तसेच दुधाचे जड कॅन रोज वाहायचे असतील तर ही गाडी त्या कामाची नव्हे. एक माणूस, थोडे सामान आणि वाईट वाट, हे तिचे काम.

आधी कागद वाचा

गाडीला हात लावण्याआधी आरसी मागा. आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. पूर्वी ते पुस्तक होते, म्हणून अजूनही लोक 'आरसी बुक' म्हणतात. हल्ली ते कार्डावर असते.

आरसीवर या गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, नाव. समोर उभा असलेला माणूसच मालक आहे का? नसेल तर मालक कोठे आहे? "मालक माझा मेव्हणा आहे, मुंबईला असतो," असे उत्तर आले तर म्हणावे, "येऊ द्या त्यांना. आम्ही थांबतो." मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावयास हवी.

दुसरी गोष्ट, नंबर. गाडीवर दोन नंबर कोरलेले असतात. एक सांगाड्यावर, त्याला चेसिस नंबर म्हणतात. तो बहुधा हँडलाजवळ, सांगाड्याच्या मानेवर असतो. त्यात अक्षरे आणि आकडे मिळून १७ खुणा असतात. दुसरा नंबर इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो. हे दोन्ही नंबर आरसीवरील नंबरांशी जुळले पाहिजेत. नंबर इंग्रजीत असतात. इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. जशी चित्रे जुळवावी तशी एकेक खूण बोट ठेवून जुळवा. एक खूण चुकली, नंबर घासलेला दिसला, किंवा त्या जागी नवा रंग दिसला, तर गाडी सोडा. ती चोरीची असू शकते. चोरीची गाडी पोलीस घेऊन जातात आणि आपले पैसे बुडतात.

तिसरी गोष्ट, कर्ज. गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असते. कर्ज फिटले म्हणून तोंडी सांगणे पुरेसे नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि बँकेची सही असलेला नमुना ३५ हातात पडला पाहिजे. आरसीवरून बँकेचे नाव उतरले पाहिजे.

चौथी गोष्ट, मुदत. मोटारसायकलीची पहिली नोंद १५ वर्षांची असते. २०१२ सालची गाडी २०२७ साली १५ वर्षांची होते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, फी भरून, ५ वर्षांसाठी नोंद वाढवून घ्यावी लागते. आपल्या राज्यात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून मुदत संपत आलेली गाडी घेताना हा खर्च किमतीतून वजा करा.

याशिवाय विम्याचा कागद आणि पीयूसी पाहा. गाडीवर दंडाची चलने थकली आहेत का, तेही पाहा. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून पुष्कळ माहिती मिळते. घरातील शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे आणि मोबाईलवर पाहून घ्यावे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेल्या गाड्यांनाही आता सरकारी सुरक्षा नंबरपाटी लागते. ती बसवली आहे का, हेही विचारा.

मग गाडी वाचा

गाडी पाहावयास सकाळी जा. विकणाऱ्याला आधी सांगा, "आम्ही आल्याशिवाय गाडी चालू करू नका." गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. ते थंड असले पाहिजे. गरम इंजिन सहज चालू होते. खोड असेल तर ती थंड इंजिनात दिसते. आपण येण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल, तर मनात शंका धरावी.

गाडी चालू करा आणि मागे जाऊन धूर पाहा. थंडीच्या सकाळी पांढरट वाफ थोडा वेळ येते, तिची काळजी नको. निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑईल जाळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. हे काम मोठ्या खर्चाचे. काळा धूर येत असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा कार्बोरेटर बिघडला असेल. हे काम थोडक्यात होते.

आता गाडीच्या दातांकडे या. बैलाला दात असतात, तसे चेनच्या चाकालाही असतात. दात सरळ आणि जाड असले तर चांगले. विळ्यासारखे एका बाजूला वाकले असतील तर ते झिजले आहेत. मागच्या चाकाच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून ओढा. ती दातांपासून बरीच उचलली गेली तर चेनही गेली. चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकदमच बदलावी लागतात. नव्या दातांवर जुनी चेन घातली तर ती नवे दातही खाते.

टायर पाहा. टायरच्या अंगावर एका लहान चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१९ असे आकडे आहेत. त्याचा अर्थ, टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुने झाले की कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. असा टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

गाडी मधल्या स्टँडवर किंवा विटांवर टेकवून चाक उचला आणि फिरवा. चाक डोलते का? लहान पान्याने एकेक आरा हलकेच वाजवा. ताणलेला आरा टणटण वाजतो. सैल आरा बदबद वाजतो. एखाददुसरा सैल असेल तर आवळता येतो. बरेच सैल असतील, किंवा रिंग वाकडी असेल, तर खर्च धरावा.

पुढचे चाक उचललेले असताना हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवा. मध्ये अडकल्यासारखे वाटले तर हँडलाच्या मानेतील बेअरिंग गेले आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा. बोटाला ऑईल लागले तर ऑईल सील फुटले आहे. मग मागचे चाक धरून डावीउजवीकडे हलवा. खटखट लागत असेल तर मागच्या दांड्यांचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे.

आता सांगाडा पाहा. या जातीची गाडी पुष्कळदा तरुण पोरांनी उड्या मारून वापरलेली असते. हँडलाच्या मानेजवळ आणि पाय ठेवायच्या दांडीजवळ तडा किंवा नवे वेल्डिंग दिसते का? दिसले तर गाडी घेऊ नये. इंजिन दुरुस्त होते, टायर बदलता येतात. मोडलेल्या सांगाड्याचा भरवसा नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. तो मागे फिरवता येतो. पाय ठेवायचे रबर, गिअरची दांडी, ब्रेकचे पायदान पाहा. आकडा १५ हजार म्हणतो आणि रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, तर रबर खरे बोलते.

शेवटी गाडी चालवून पाहा. हेल्मेट घाला, परवाना जवळ ठेवा, गाडीचा विमा चालू आहे ना हे आधी पाहा. वरच्या गिअरात पेट्रोल वाढवा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी पुढे धावली नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. सगळे गिअर नीट पडतात का पाहा. दोन्ही ब्रेक लावून पाहा. एका सोबत्याला मागे उभे करा आणि गाडी सरळ न्या. दोन्ही चाके एका रेषेत जातात का, हे त्याला नीट दिसते.

हे सगळे करताना ओळखीचा मिस्त्री बरोबर असावा. त्याची एका दिवसाची मजुरी द्यावी. ती मजुरी वाया जात नाही. त्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा, "या गाडीचे सामान मिळते का?" बंद झालेल्या गाडीचे हेच दुखणे आहे. इम्पल्सचे इंजिन त्याच कंपनीच्या दुसऱ्या १५० सीसी गाड्यांच्या घराण्यातले आहे, म्हणून इंजिनाच्या कामाला मिस्त्री सहसा अडत नाही. पण टाकी, प्लॅस्टिकचे पत्रे, दिव्याचे घर असे सामान शोधावे लागते. म्हणून हे भाग फुटलेले असतील तर भाव करताना तसे बोलावे.

सगळी थैली रिकामी करू नका

समजा, एका शेतकऱ्याने गाडीसाठी ४० हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्याने ४० हजारांची गाडी घेऊ नये. ३० हजारांपर्यंतची पाहावी. उरलेले १० हजार गाडीसाठीच राखावे. जुन्या गाडीला पहिल्या महिन्यात काही ना काही लागतेच. ऑईल, फिल्टर, चेन सेट, ब्रेकचे लायनर, एखादा टायर. शिवाय नाव लावण्याची फी आणि विमा. हा पैसा जवळ नसला की माणूस गुळगुळीत टायरवर आणि बोथट ब्रेकवर गाडी हाकतो. मग जिवावर बेतते.

नाव लावून घ्या

पैसे दिले, किल्ली मिळाली, म्हणून गाडी आपली झाली असे नाही. आरसीवर आपले नाव चढले म्हणजे ती आपली झाली.

यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा. गाडीवर कर्ज असेल, किंवा ती परराज्यातील असेल, तर आणखी कागद लागतात.

पुष्कळ ठिकाणी कोऱ्या फॉर्मवर सही घेतात आणि गाडी हातोहात फिरते. "नाव काय, केव्हाही लावता येईल," असे म्हणतात. याचा घोर परिणाम होतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. एक मोटारगाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की, ज्याचे नाव नोंदीत आहे, नुकसानभरपाईला तोच जबाबदार. म्हणजे गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा माणूस अडकला.

यातून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही धडा घ्यावा. विकणाऱ्याच्या मानेवर दुसऱ्याचा अपघात बसतो. घेणाऱ्याला विम्याचे पैसे मिळताना अडचण येते, आणि पुढे गाडी विकताही येत नाही. म्हणून थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवावी, आणि तसे लिहून दोघांनी सह्या कराव्या. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि दुसऱ्याची घेऊही नये.

गाडी सांभाळावी कशी?

जुनी गाडी मोठ्या दुरुस्तीने टिकत नाही. ती रोजच्या लहान कामांनी टिकते.

आठवड्यातून एकदा इंजिनातील ऑईल पाहा. गाडी सपाट जागी उभी करून पाहावे. कमी असेल तर घालावे. ऑईल आटले की इंजिन घासते, तापते आणि चिकटते. ऑईल बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. धुळीच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीचे त्याआधीच बदलावे. ऑईलचा खर्च शेकड्यांत असतो, इंजिनाचा हजारांत.

एअर फिल्टर म्हणजे गाडीचे नाक. मळणीच्या दिवसांत धूळ आणि भुस्सा नाकात जातो. फिल्टर कागदाचा असेल तर तो धुऊ नये. जास्त मळला की बदलावा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, थोडे ऑईल लावून बसवावा. फिल्टर काढून टाकून गाडी कधीही चालवू नये. आत गेलेली धूळ इंजिनाला कानशीप्रमाणे घासते.

चेन ब्रशने साफ करावी आणि तिला गिअर ऑईल लावावे. इंजिनातून काढलेले काळे ऑईल लावू नये, त्यात लोखंडाचा कीस असतो. चेन फार ताणू नये. या गाडीचा मागचा शॉकअप खूप खाली दबतो. माणूस बसला, खड्डा आला, की चेन आणखी ताणली जाते. आधीच ताणलेली असेल तर ती तुटते किंवा बेअरिंग खाते. म्हणून पुस्तिकेत दिले आहे तेवढे झोल ठेवावे.

पावसाळ्यात चिखल वाळू देऊ नये. इंजिनाच्या पात्यांत चिखल भरला की हवा लागत नाही आणि इंजिन तापते. पण धुताना पाण्याची जोराची धार चाकाच्या मध्यभागी आणि फिल्टरच्या तोंडावर मारू नये. ओढा ओलांडल्यावर ब्रेक ओले होतात. हळू चालत दोन चार वेळा ब्रेक हलकेच दाबावे, म्हणजे ते वाळतात. वाहत्या पाण्याची खोली कळत नसेल तर गाडी घालूच नये. गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर किक मारू नये. इंजिनात पाणी असेल तर आतला दांडा वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी. प्लग काढून पाणी जाऊ द्यावे, आणि मिस्त्रीला दाखवावी.

आता पेट्रोलविषयी. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते आपल्या उसापासून आणि धान्यापासूनही करतात. २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इम्पल्ससारख्या गाड्या त्याच्या पुष्कळ आधीच्या. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुने रबर त्याने लवकर खराब होऊ शकते. म्हणून पेट्रोलची नळी आणि रबरी सील वर्षातून एकदा पाहून घ्यावे. भेगा पडल्या असतील तर बदलावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून त्यातील पेट्रोल काढून टाकावे. हे काम उघड्यावर करावे, विडीकाडी दूर ठेवावी.

या सर्वांची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे लागले, एवढेच लिहा. पुढे गाडी विकावयाची झाली, तर घेणारा ती वही पाहील आणि दोन पैसे जास्त देईल. बाजारात वही असलेली गाडी क्वचितच सापडते.

ध्यानात ठेवा

१. आरसीवरील नाव आणि दोन्ही नंबर स्वतः जुळवा.
२. गाडी थंड असताना पाहा. मिस्त्री बरोबर न्या.
३. सांगाड्याला तडा असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.
४. चार पैसे दुरुस्तीसाठी राखा.
५. ३० दिवसांच्या आत आपले नाव लावून घ्या.
६. ऑईल, फिल्टर, चेन, टायर आणि ब्रेक दर आठवड्याला पाहा.

आपण वाचायला शिकलो ते नुसती सही करण्यासाठी नव्हे. सही करण्याआधी कागदावर काय लिहिले आहे, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे यासाठी शिकलो. आपण वाचेपर्यंत जो थांबायला तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.